अर्धा सूर वर

आमच्या घरातल्या माणसाला कवळ्या करणारा म्हणून ओळखणारे असतील शे-दीडशे, आणि कानसेन म्हणून ओळखणारे जगभर विखुरलेले काही हजार. मी त्यांची बायको. दोघांनाही जेवायला मीच वाढते, तेव्हा दोघांबद्दल बोलायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

आधी कवळ्या. दातांच्या दवाखान्यामागच्या गल्लीत दोन खोल्यांची त्यांची कार्यशाळा आहे. आतल्या खोलीत फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकाखाली चिठ्ठी. बाहेरच्या खोलीत ते स्वतः, नाकावर भिंग, हातात कानस. वरची आणि खालची कवळी एकमेकींवर टेकवायची, मध्ये निळा कागद धरायचा, टकटक करायचं, जिथे निळा डाग पडेल तिथे घासायचं. पुन्हा कागद, पुन्हा टकटक. ते म्हणतात, चावा केसभर जरी उंच राहिला तरी म्हातारा माणूस आठवडाभर पेजेवर राहतो आणि शिव्या मात्र डॉक्टरला घालतो. एकतीस वर्षांत त्यांची कवळी एकदाही परत आलेली नाही. हे वाक्य ते पाहुण्यांना पहिल्या दहा मिनिटांत ऐकवतात.

आता कान. यांचं वेड म्हणजे मेटल. मेटल म्हटलं की लोकांना वाटतं केस वाढवलेली माणसं अंगात आल्यासारखी ओरडतायत. लग्नानंतर मलाही तसंच वाटलं होतं. पण यांचं मेटल सुरेल. एक पॉवर मेटल, म्हणजे सुसाट धावणारं, ज्यात गायक शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभा राहून आणखी एक पायरी मागतो आणि कोरस असा असतो की भांडी घासताना दिवसभर तोंडातून जात नाही. दुसरं प्रोग्रेसिव्ह, म्हणजे सात मात्रांवरून चाललेलं गाणं मध्येच पाचावर उडी मारतं, की-बोर्डवाला आणि गिटारवाला एकमेकांचा पाठलाग करतात आणि तुमचा चहा गार होऊन जातो तरी गाणं संपत नाही.

त्यातही गाजलेलं काही यांना नको. "त्यांना ऐकणारे आहेत," म्हणायचे. यांना हवे ते राहून गेलेले. कुठल्या तरी खाणीच्या गावातल्या पाच जणांनी पाणी भरलेल्या खाणीवर काढलेला एकुलता एक अल्बम. तीन बहिणी आणि त्यांचा बाप, असा एक बँड. ज्या आठवड्यात अल्बम आला त्याच आठवड्यात कंपनी बंद पडली, असा एक. मुखपृष्ठ जितकं भिकार तितकं आत सोनं असायची शक्यता जास्त, असा यांचा नियम. तलवारी, गरुड, वीज, आणि एकदा तर सहा बोटांचा ड्रॅगन. मी बोटं मोजून दाखवली तर म्हणाले, "चित्रकाराला पैसे दिले नसतील, सगळे स्टुडिओत घातले असतील." आणि खरोखर तो अल्बम सुंदर निघाला.

यातून त्यांनी एक चार पानी पत्रक सुरू केलं. नाव "राहून गेलेले". दर तीन महिन्यांनी घरच्या टाइपरायटरवर टाइप करायचं, झेरॉक्स काढायच्या आणि पाकिटं पोस्टात टाकायची. वाचणारे दीड-दोनशेच, पण त्यात दोन छोट्या रेकॉर्ड कंपन्या होत्या, तीन रेडिओवाले होते. कुठल्या कुठल्या बँडच्या टेप आमच्या पत्त्यावर यायच्या. प्रत्येकीबद्दल यांचा निकाल तीनपैकी एक असायचा: "वर काढा", "असू द्या", नाहीतर "राहू द्या". राहू द्या म्हटलं की संपलं. कंपन्या ते पाकीट पुन्हा उघडायच्या नाहीत.

न्याय करायची यांची पद्धत कडक. गाणाऱ्याला कधी भेटायचं नाही, समोर बसून कधी ऐकायचं नाही. "माणूस बघितला की कान नरम पडतो. टेप आणा." मग ती टेप तीन दिवस, रोज संध्याकाळी एकदा, डोक्यावर हेडफोन, दार बंद. चौथ्या दिवशी निकाल. लोक यांना मानायचे ते यासाठीच. मीही मानायचे. नवऱ्याचं एवढं नाव आहे म्हटल्यावर बायको थोडी शेफारतेच.

आता माझा भाऊ. माझ्याहून सात वर्षांनी लहान, म्हणून घरात सगळे त्याला धाकटा म्हणायचे. तो गायचा. आमच्या घराण्यात कोणी साधं गुणगुणत नाही, हे कुठून आलं देव जाणे. त्याचा बँड होता, चार मित्र आणि हा. भाड्याच्या खोलीत गायला लागला की घरमालक दार ठोकायचा, म्हणून रियाजाला तो आमच्या स्वयंपाकघरात यायचा. मी सकाळच्या शाळेत प्रयोगशाळेत मदतनीस, दीड वाजता घरी. हे तर सातशिवाय यायचे नाहीत. दुपारचे दोन तास स्वयंपाकघर त्याचं. मी भाजी निवडायची आणि तो खिडकीला टेकून गायचा. "ताई, कुकर उतरव गं, त्याची शिट्टी माझ्याहून वर जाते, अपमान होतो." आणि मग कुकरच्याही वर जायचा. वर गेला तरी त्याचा आवाज चिरकायचा नाही, उलट मोठा व्हायचा, खोली लहान पडायची. माझ्या हातातली शेंग हातातच राहायची.

त्या पाचांनी दोन वर्षं खपून एक अल्बम केला. नाव "मिठाचा किल्ला". सात गाणी, शेवटचं अठरा मिनिटांचं. मुखपृष्ठावर ड्रमवाल्याच्या चुलतभावाने काढलेला घोडा, जो कुत्रा वाटत होता. यांच्या नियमानुसार हे शुभचिन्हच. पत्रक वाचणाऱ्या त्या दोन रेकॉर्ड कंपन्यांपैकी एकीने त्यांना सांगितलं होतं की टेप चांगली वाटतेय, पण "राहून गेलेले"चा निकाल बघू आणि मग ठरवू. म्हणजे सगळं घोडं आमच्याच घरात येऊन अडलं.

धाकट्याने टेप यांच्या हातात दिली तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "भाऊजी, मेव्हणा म्हणून नका ऐकू."

"मी कुणालाच कोणी म्हणून ऐकत नाही," हे म्हणाले.

तीन संध्याकाळी दार बंद राहिलं. चौथ्या दिवशी टाइपरायटर वाजला. अंक तेविसावा. मी आजही तो निकाल पाठ म्हणू शकते: "वादन घाईचे, जणू कोणी मागे लागले आहे. रचना चांगल्या, पण गायकाचा आवाज वरच्या पट्टीत पिचपिचीत होतो, नाकात अडकतो. हा गळा या संगीताचा नव्हे. राहू द्या."

मी म्हटलं, "अहो, जरा मऊ लिहायचं."

"माझ्या बायकोचा भाऊ आहे म्हणून? मग बाकीच्यांनी माझ्यावर विश्वास का ठेवायचा?"

खरं सांगायचं तर मला त्यांचा थोडा अभिमानच वाटला. कंपनीने टेप परत पाठवली. ड्रमवाला "घाई? कुठे घाई?" करत महिनाभर भांडला आणि मग सासऱ्याच्या फरशांच्या दुकानात बसायला लागला. बाकीचे पांगले. धाकट्याने बस आगारात नोकरी धरली, गाड्या पुकारायची. काचेच्या खोलीत बसायचं, बटण दाबायचं, फलाटाचा नंबर आणि गावाचं नाव सांगायचं. आगारात सगळे त्याला माईकवाला म्हणतात. आवाज अगदी सपाट, खालचा. तेव्हापासून त्याला कुणी गाताना ऐकलेलं नाही, आंघोळीतसुद्धा नाही. एवढ्या एका टिपणाने गाणं सोडतात का, असं मी तेव्हा मनात म्हणाले होते. पण तो लोकांचं नाही, यांचं ऐकून बसला होता. त्याच्या लेखी यांच्यावर अपील नव्हतं.

यानंतर सहा वर्षांनी यांच्या टेप डेकचा पट्टा तुटला. हा डेक बंद पडलेल्या एका फोटो स्टुडिओतून त्यांनी जुना घेतला होता, "मिठाचा किल्ला" येण्याच्या चारेक महिने आधी. हे कामात होते, म्हणून मीच तो पिशवीत घालून दुरुस्तीवाल्याकडे नेला. म्हाताऱ्याने पट्टा बदलला, स्वतःची एक टेप घातली, एका यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाई, हे असं कधीपासून पळतंय?"

"कसं?"

"मोटरचा स्क्रू कुणीतरी फिरवलाय. चांगला अर्धा सूर वर वाजतंय. सगळं घाईत आणि सगळं चिरकं. तुमच्या घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

दुसऱ्या कोणाच्याही घरात लक्षात आलं असतं. ओळखीचं एक गाणं लावलं असतं तर पहिल्या ओळीलाच शेजारच्या पोरानेही सांगितलं असतं की मशीन पळतंय. पण आमच्या घरात त्या डेकवर ओळखीचं काही वाजतच नसे. ज्या टेप जगात दुसऱ्या कुणी ऐकलेल्या नाहीत तेवढ्याच त्यात जायच्या, बाकी सगळं सीडीवर. ज्याला तुलनाच नाही त्याला चूक कशी कळणार? आणि समोर बसून ऐकायचं नाही, हा तर नियमच. केसभर उंच चावा बोटाला कळणारा माणूस, आणि सहा वर्षं अर्ध्या सुराचा कानाडोळा.

घरी येऊन मी सांगितलं. यांनी कपाटातून धाकट्याची टेप काढली, नीट केलेल्या डेकमध्ये घातली, आणि लग्नानंतर पहिल्यांदा हेडफोन न लावता ऐकली. अठरा मिनिटांचं शेवटचं गाणं संपेपर्यंत आम्ही दोघं उभे होतो. माझ्या स्वयंपाकघरातला आवाज होता तो, जसाच्या तसा. यांच्या चेहऱ्याचा रंग प्लास्टरसारखा झाला होता. त्या क्षणी मला त्यांची कीव आली, हेही लिहून ठेवते.

"त्याला सांगा," मी म्हटलं.

"बघतो."

या बघतोला अठरा वर्षं झाली. सुरुवातीला मी आठवण करायचे. ते म्हणायचे, आता सांगून काय, बँड तर मोडला. मग म्हणायला लागले, उगाच त्याच्या जखमेला हात कशाला. एकदा चिडून म्हणाले, "चाळीस टेपा ऐकल्या मी त्या डेकवर. चाळीस बँडना पत्र लिहू?" खरंच, चाळीस. त्यातल्या तिघा-चौघांचा फायदाच झाला, त्यांची आळशी गाणी चपळ वाटली आणि यांनी त्यांना वर काढलं. बाकीचे गेले. मग मीही विचारणं सोडलं. मूग गिळून बसायची सवय लागली की ते मूग टोचेनासे होतात. धाकटा महिन्यातून दोनदा जेवायला यायचा, हे त्याला नव्या बँडबद्दल सांगायचे, तो मान हलवायचा, आणि मी वाढत राहायचे.

पत्रक बंद होऊन त्याची वेबसाइट झाली. जुने सगळे अंक यांनी तिथे चढवले. एके दिवशी मी सहज बघत होते, तर बावीसनंतर चोवीस. मध्ये लिहिलेलं: "अंक २३, प्रत उपलब्ध नाही." प्रत कपाटात होती. टेपच्याच शेजारी.

आणि या वर्षी यांनी यादी काढली. राहून गेलेले शंभर अल्बम. सुरेल पॉवर आणि प्रोग्रेसिव्ह मेटलचे, जगाने ज्यांच्याकडे पाठ फिरवली असे. पहिला क्रमांक: "मिठाचा किल्ला". टेप स्वच्छ करून गाणीही ऐकायला ठेवली. वर दीड पानाचा लेख. असा गळा एका पिढीत एखादाच. तेव्हा कुणाच्याही लक्षात न आलेला. आणि शेवटी हे: "गायक माझ्या नात्यातला आहे. म्हणूनच संकोचाने मी इतकी वर्षं गप्प राहिलो."

मी ते वाक्य तीनदा वाचलं. मग यांच्यासमोर फोन धरला. "संकोचाने?"

"त्याचं भलंच झालं ना?" कवळी घासताना बोलतात तशा आवाजात हे म्हणाले. "आता कशाला उकरून काढतेस?"

भलं झालं, असं म्हणायलाच हवं. महिन्याभरात हजारो लोकांनी ते ऐकलं. कुठून कुठून पत्रं आली. एका माणसाने आपल्या कार्यक्रमात यांची तासभर मुलाखत घेतली आणि विचारलं, असं रत्न तुम्हाला सापडतं तरी कसं? हे म्हणाले, "कान स्वच्छ ठेवावे लागतात." मी शेजारच्या खोलीत होते. हातातला तांब्या मी मुद्दाम जोरात ठेवला.

त्या रविवारी धाकटा केक घेऊन आला. सेहेचाळिसाव्या वर्षी त्याचा चेहरा परीक्षा पास झालेल्या पोरासारखा दिसत होता. "भाऊजी, तेव्हा तुम्ही खरं बोललात म्हणून आज तुमच्या शब्दाला वजन आहे. तेव्हा मी कच्चाच असणार. पण त्यातलं काहीतरी तुमच्या मनात राहिलं, हे माझ्यासाठी पुष्कळ आहे." त्या जुन्या कंपनीने विचारलं होतं, नवं काही गाणार का? तो हसत खिडकीपाशी गेला, त्याच जागी टेकला आणि शेवटच्या गाण्यातली वरची ओळ घेतली. अर्ध्यावर आवाज फाटला. खोकला आला. पाणी प्यायला आणि म्हणाला, "चोवीस वर्षं फलाट नंबर चार म्हटल्यावर दुसरं काय होणार?"

मी यांच्याकडे बघत होते. आता सांगा, आत्ता तरी सांगा. यांनी केकचा तुकडा उचलला आणि म्हणाले, "चांगलं असतं ते कधी ना कधी वर येतंच रे."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी त्याच्यासमोर बोलले नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर अंक तेवीस पर्समध्ये घातला आणि थेट आगार गाठलं.

काचेच्या खोलीत एक खुर्ची, एक स्टूल, भिंतीवर गाड्यांचं वेळापत्रक. मी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. डेक, स्क्रू, दुरुस्तीवाला, अठरा वर्षं, गायब केलेला अंक. मीही गप्प होते, तेही सांगितलं. मध्ये दोनदा तो "थांब" म्हणाला, गाडी पुकारली आणि पुन्हा माझ्याकडे वळला. अंक त्याच्या मांडीवर होता, त्याने तो उघडला नाही.

"म्हणजे मी पिचपिचीत नव्हतो."

"नव्हतास."

"आणि घाईही नव्हती. ड्रमवाला बिचारा शेवटपर्यंत सांगत होता."

मला वाटलं आता तो उठेल. आमच्या घरी येईल, यांची गचांडी धरेल, निदान चार शिव्या तरी हासडेल. खरं तर त्याचीच वाट बघत मी तिथे बसले होते. जे मला अठरा वर्षांत जमलं नाही ते त्याने करावं म्हणून.

"भाऊजींचं मी समजू शकतो," तो म्हणाला. "त्यांनी मला ऐकलंच नाही, मशीन ऐकलं. पण ताई, तू तर समोर बसायचीस. रोज दोन तास. तुझ्या आणि माझ्या मध्ये कुठलं मशीन होतं?"

मी त्याच्या मांडीवरच्या अंकाकडे बघितलं.

"हा अंक आला त्या दुपारी मी तुझ्याकडे आलो होतो. तू भाजी निवडत होतीस. मी तुला विचारलं, ताई, तू सांग, मी खरंच तसा गातो का? तू नाही म्हणाली असतीस तर मी थांबलो नसतो. आठवतंय तू काय म्हणालीस?"

मला आठवत होतं. चोवीस वर्षं मी यांच्याच वाक्यांचा हिशेब ठेवला होता, माझं ते एक वाक्य सोडून.

"काय म्हणालीस, ताई?"

"म्हणाले, त्यांचा कान कधी चुकत नाही रे."

त्याने मान डोलवली. वेळापत्रकाकडे बघितलं, बटण दाबलं आणि पाच नंबरच्या फलाटावरची गाडी पुकारली.